बाराव्या खुणेवरचा खड्डा

फुशारकी मारू नये असं आमच्या घरात शिकवलं होतं आणि मी ते शिकले नाही. दोन-तीन कामं आयुष्यात अशी केली की ती सांगताना माझी मान आजही आपोआप ताठ होते. त्यातलं पहिलं काम घाटकोपरच्या आमच्या पत्र्याच्या गॅरेजात झालं, गिरण्यांच्या संपाला तीन-चार वर्षं उलटून गेल्यावर. त्यात माझा एक गाढवपणाही आहे. तोही सांगते, कारण तो गाळला तर गोष्टच उरत नाही.

बाबा गिरणीत फिटर होते. डोळे मिटून उभे राहिले तरी कुठला साचा, म्हणजे माग, कुरकुरतोय ते त्यांना कळायचं, आणि हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, त्यांच्या खात्यातले लोक घरी येऊन सांगायचे. संप झाला, गिरणीचं दार परत उघडलं नाही. दोन वर्षं मिळेल ते काम केल्यावर त्यांनी डोंगराच्या पायथ्याला एक शेड घेतली आणि गाड्या दुरुस्त करायला लागले. साच्याचा माणूस गाडीला काय करणार, असं तोंडावर म्हणणारे होते. माझा मामा त्यातला एक. तो मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन लोकांचा सुपरवायझर होता आणि बाबांसाठी त्याने गेटवरची जागा धरून ठेवली होती. वाईट मनाने नव्हे, बहिणीचा संसार रुळावर यावा म्हणून. एकदा तो खाकी कापडाचा तुकडाच घेऊन आला. "भावोजी, नुसतं शिंप्याला माप द्या," म्हणाला. आईने ते कापड कपाटावर ठेवलं. बाबा जेवायला बसले की ते बरोबर त्यांच्या समोर यायचं, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स करून मुलुंडच्याच दुसऱ्या एका कारखान्यात लागले होते. आमच्या वर्गात मी एकटी मुलगी, आणि कारखान्याच्या त्या खात्यातही एकटीच. काम म्हणजे मीटर तपासणं. प्रेशर मोजणारा, हवा मोजणारा, कुठलाही मीटर टेबलावर यायचा आणि तो खरं बोलतो की खोटं, हे आम्ही ठरवायचं. शून्यापासून सारखी पावलं टाकत वर जायचं, प्रत्येक पावलाला आकडा लिहायचा, आणि मग त्याच पावलांनी खाली यायचं. नुसतं वर जाऊन घेतलेल्या आकड्यांवर आमचे साहेब सही करायचे नाहीत. उतरताना मीटर वेगळं बोलला तर तो लबाड.

बाबांना या सगळ्याचं कौतुक होतं, पण गॅरेजात मी आलेली त्यांना फारशी खपायची नाही. "चार माणसां येतत, बघतत," एवढंच म्हणायचे. मी भांडायचे आणि डबा ठेवून घरी जायचे.

मग ती गाडी आली. अंधेरीचा एक गृहस्थ दुबईत दहा वर्षं राहून परतला होता. आम्ही त्याला दुबईवालाच म्हणायचो. त्याने आपल्याकडची साधी चौकोनी गाडी घेतली होती आणि तिच्यात बसवायला एक जपानी इंजिन आणि एक टर्बो आणला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगरणारं चक्र, ते इंजिनात नेहमीपेक्षा जास्त हवा कोंबतं. हवा जास्त आली की पेट्रोलही त्याच मापात जास्त लागतं, आणि हे माप ठेवायला त्या इंजिनाच्या नाकाशी एक ॲल्युमिनियमची डबी होती, एअर मीटर. त्यात एक झडप. हवा आत जाताना झडपेला ढकलते, झडपेच्या दांड्यावरचा एक बारीक हात काळ्या पट्टीवरून सरकतो, आणि पट्टीवर तो कुठे आहे त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. मुंबईत त्या वेळी असली गाडी हाताळलेली माणसं किती असतील कोण जाणे. बाबांनी तर ती डबी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. पण दोन महिन्यांत त्यांनी ते इंजिन त्या गाडीत बसवलं, टर्बोचे पाइप स्वतः वाकवले, आणि हवा जास्त येणार म्हणून झडपेची स्प्रिंग घट्ट करायला डबीचं झाकण उघडलं. आतल्या दातेरी चाकाचे सात दाते त्यांनी पुढे सरकवले. तो दिवस खंडेनवमीचा.

खंडेनवमीची पूजा गॅरेजात माझ्याकडे असायची. पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचा सेट सगळं पुसून फळीवर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं. त्या वर्षी फळीच्या मधोमध ती उघडी डबी होती. एवढी मानाची वस्तू आमच्या गॅरेजात कधी आली नव्हती. मी तिला चिमटीने भरपूर हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्यातलं मोठं फूल ठेवलं. बाबा हात जोडून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलं काढली, झाकण डिंकाने चिकटवून पक्कं बंद केलं आणि गाडी रस्त्यावर काढली.

गाडी उचक्या द्यायला लागली. सुरू छान व्हायची, सावकाश छान चालायची. पवईच्या चढावर टर्बोची शिटी सुरू झाली रे झाली की एक जोरदार हिसका, जणू कोणी मागून धरून ओढलं. त्यातून पुढे ढकलली तर परत ठीक. बाबांनी प्लग बदलले, पाइपांच्या जोडांजवळ उदबत्ती धरून कुठे हवा शोषली जातेय का ते पाहिलं, पेट्रोलचा दाब वाढवला, डबीच्या बाहेरचा हवेचा स्क्रू फिरवला. काहीही करा, चढावर हिसका ठेवलेलाच. कधी पेट्रोल भेसळीचं म्हणायचे, तर कधी देवनारच्या कचरा डेपोकडून येणाऱ्या वाऱ्यावर राग काढायचे, या घाणीत इंजिन तरी काय श्वास घेणार म्हणून.

पंधरा दिवसांनी एका बुधवारी दुबईवाला आला, चढावर गाडी नेली, हिसके खाल्ले आणि उतरून शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही मेहनत केली, मान्य. पण मला कोणीतरी वरळीच्या मोठ्या वर्कशॉपचं नाव सांगितलंय. रविवारी सकाळी येतो. ठीक झाली असेल तर झकास. नाही तर टो करून घेऊन जातो."

त्या रात्री जेवताना बाबा कपाटाकडे तोंड करून बसले. आईला म्हणाले, "गाडी गेली, तर माप देऊन येतंय." मी उष्ट्या हातानेच म्हणाले, "शनिवारी मी रजा टाकते. मला ती डबी तपासू दे."

"झाकान उघडूचा नाय," बाबा म्हणाले.

हे त्यांचं दुखणं मला ठाऊक होतं. झाकण काढताना तुटलं तर तसली डबी इथे मिळणार नव्हती, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे झाकण उघडायचं याचा अर्थ आपण दाते चुकीचे मोजले असं कबूल करायचं. सात मोजले म्हणजे सातच, आणि हा विषय त्यांच्यापुरता संपलेला होता.

"नाही उघडत," मी म्हणाले. "नाकातूनच तपासते."

शनिवारी सकाळी मी कारखान्याचा नव्हे, माझा स्वतःचा मीटर घेऊन गेले. पहिल्या बोनसमधून घेतलेला, काट्याचा, मोठ्या पांढऱ्या तबकडीचा. डबी गाडीतून काढून टेबलावर ठेवली, तिच्या पिनांना बॅटरी जोडली आणि माझा मीटर लावला. आता झडप सारख्या पावलांनी ढकलायला काहीतरी हवं होतं. मोडक्या छत्रीची एक काडी काढली, तिच्यावर सारख्या अंतराने दोरा बांधून वीस खुणा केल्या. एक खूण आत, आकडा लिही. दुसरी खूण आत, आकडा लिही. बाबा पाठमोरे उभे राहून उगाच एक पाना पुसत होते. शेजारच्या टायरवाल्याकडचे दोघे दारात येऊन उभे राहिले, त्यांच्याकडे मी एकदा असं बघितलं की ते गेले.

अकराव्या खुणेपर्यंत काटा शहाण्यासारखा वर चढला. बाराव्या खुणेला तो धाडकन खाली आला, जवळजवळ शून्यावर. तेराव्या खुणेला परत आपल्या जागी. विसापर्यंत गेले आणि मग खाली यायला लागले. तेरा ठीक. बारा, काटा खाली. अकरा ठीक. तीनदा वर गेले, तीनदा खाली आले. सहाही वेळा बाराव्या खुणेने तोच तमाशा केला.

मग ग्राफपेपरवर ठिपके मांडले, रेघ जोडली आणि कागद बाबांच्या हातात दिला. आमच्या खात्यातला कोणीही एका नजरेत ओळखेल अशी ती रेघ होती, पण बाबांनी ग्राफ कधी वाचला नव्हता. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, बोट रेघेवरून हळूहळू चढवत नेलं आणि बाराव्या खुणेवर थांबवलं.

"हो खड्डो खंयसून इलो?" त्यांनी विचारलं.

"हाच तुमचा हिसका. चढावर झडप जेव्हा इथे येते, तेव्हा पेट्रोल सोडणाऱ्या यंत्राला वाटतं हवाच नाही."

"म्हणजे दाते..."

"दाते चुकले असते तर गाडी सगळीकडेच अडखळली असती, नुसती या एका जागी नाही. बाकीची रेघ बघा किती सरळ चढलीय. तुमचे सातच्या सात दाते बरोबर आहेत, बाबा. दोष पट्टीवर आहे, त्या एका जागी."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग स्वतःच हॅक्सॉचं पातं घासून पातळ केलं, गरम केलं आणि डिंकाच्या कडेने इतकं हळू फिरवायला लागले की मला घाम फुटला. अर्ध्या तासाने झाकण अख्खं सुटलं.

आत काळी पट्टी होती, आणि पट्टीच्या मध्यावर, केसाहून थोडी जाड, एक लालसर पिवळी चिकट रेघ.

मला लगेच कळलं. पंधरा दिवस या माणसाने प्लग बदलले, पाइप सोडले, शेवटी जेवताना त्या कपाटाकडे तोंड केलं, आणि हे माझ्या दोन बोटांचं काम होतं. ते पुसून "कचरा होता" म्हणता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं, असं मला क्षणभर वाटलं.

"बाबा, हे हळदकुंकू आहे," मी म्हणाले. "खंडेनवमीचं. मीच वाहिलं होतं, उघड्या डबीवर."

ते वाकले. मग त्यांनी बोटाने दातेरी चाकाच्या कडेवरचा एक लाल ठिपका दाखवला. "ह्यो मी बघितलेलंय," ते म्हणाले. "झाकान लावताना. फुलां काढलंय, पण पूजेचा कुंकू कसा पुसूचा? म्हणान ठेवलंय तसाच." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ते हसले. "तू लायलंस, मी पुसलंय नाय. दोघांची वाट लागली."

चाकावरचं कुंकू गाडीच्या थरथरीने झडलं होतं, आतल्या जराशा तेलात मिसळलं होतं आणि पट्टीवर बसलं होतं; तेवढ्या जागी तो बारीक हात पट्टीला टेकायचाच नाही. मी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून पट्टी पुसली. घासली नाही, नुसती टिपली. परत वीस खुणा वर, वीस खुणा खाली. रेघ अशी चढली की मी कागद छातीशी धरला. हो, खरंच धरला.

झाकण बसवून, गाडी जोडून आम्ही पवईला गेलो. बाबा चालवत होते, मी शेजारी. चढावर शिटी सुरू झाली, हिसका आला नाही, आणि मागे बघते तर काळा कुळकुळीत धूर. गाडी जड, ढिम्म. मला रडूच यायचं बाकी होतं. पण बाबा अजिबात घाबरले नव्हते. त्यांनी गाडी तलावाच्या कडेला घेतली. पंधरा दिवसांत हिसका घालवायला त्यांनी पेट्रोलचा दाब वाढवला होता, स्क्रू फिरवला होता. डबी खोटं बोलत होती तेव्हाच्या त्या दुरुस्त्या, ती खरं बोलायला लागल्यावर जास्त होत होत्या. हे त्यांना माझ्या आधी कळलं.

"आधी कुठे होते, ते लिहून ठेवलंत?" मी विचारलं. माझ्या आवाजात कारखान्यातले साहेब होते, मला आज त्याची लाज वाटते.

त्यांनी बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. स्क्रू दीड फेरा उलटा फिरवला, किंचित पुढे घेतला. दाबाचा नट पाव फेरा मागे, मग आणखी एक केसभर. पंधरा दिवसांपूर्वीची प्रत्येक फिरकी त्यांच्या मनगटात जशीच्या तशी होती. मग इंजिन चालू करून कान लावून उभे राहिले, आणि मला म्हणाले, "आता बस."

त्या चढावर गाडी काय गेली म्हणून सांगू. शिटी वाढत गेली आणि पाठ सीटला चिकटत गेली, एकाही ठिकाणी अडखळ नाही. वर जाऊन आम्ही प्लग काढून पाहिले, चहासारखे तपकिरी, हवे तसे. माझ्या वीस खुणांनी जे दाखवलं नसतं ते त्यांच्या कानाने दाखवलं, आणि त्यांच्या कानाला जे ऐकू आलं नसतं ते माझ्या कागदाने. मी त्या दिवशी घरी जाताना वडिलांवर एवढी खूश होते की वाटेत त्यांचा तेलकट हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

रविवारी सकाळी दुबईवाला आला. त्याच्या आधी मामा येऊन बसला होता. त्याला आईने सांगितलं होतं की आज काय ते ठरेल. बाबा आणि दुबईवाला गाडी घेऊन निघाले, हायवेने मुलुंड चेक नाक्यापर्यंत आणि परत पवईवरून येणार होते. मी आणि मामा शेडमध्ये. मामा म्हणाला, "गेटची ड्युटी काय वाईट नाही गं. सावली असते." मी म्हणाले, "मामा, गप्प बस." मोठ्या माणसाला असं बोलायची आमच्यात पद्धत नाही, पण बोलले. ते परत यायला वेळ लागला. मी तेवढ्यात फळीवरचे सगळे पाने क्रमाने लावले आणि परत विस्कटले.

शिटी आधी ऐकू आली, मग गाडी दिसली. गाडी दुबईवाला चालवत होता आणि बाबा शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर, सांगून फोटो काढायला बसल्यासारखे. दुबईवाला उतरला तो हसतच. "मिस्त्री, मान गये. पकडलं कोणी हे? कोणाला आणलं होतं?"

बाबांनी माझ्याकडे हात केला. "माझी मुलगी," ते म्हणाले. "मीटरचं काम तिचं. ती कंपनीत तेच करते." मालवणी सोडून, शुद्ध बोलले, आणि मामालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग दुबईवाल्याने काय बिघडलं होतं ते विचारलं, आणि बाबांनी एकही गोष्ट न लपवता हळदकुंकू सांगितलं. दुबईवाला पोट धरून हसला आणि म्हणाला तो ग्राफ मला द्या, दोस्तांना दाखवतो. बाबा म्हणाले, "तो गॅरेजचा आहे." कागद त्यांनी वेल्डिंगच्या सेटमागच्या पत्र्याला आधीच चिकटवला होता, ते मला तेव्हाच दिसलं.

गाडी पुढे तीन वर्षं आमच्याकडेच दुरुस्तीला यायची. तिच्यामागून तसल्या आणखी गाड्या आल्या, आणि दर शनिवारी माझ्यासाठी टेबलाचा एक कोपरा पुसून ठेवलेला असायचा. चार माणसं यायची, बघायची. बाबा त्यांना स्टूल द्यायचे.

मामा त्या रविवारी जाताना कापडाचं काही बोलला नाही, आणि आईनेही ते परत दिलं नाही. वर्षभर ते कपाटावरच होतं. मग खंडेनवमी आली. मी गॅरेजात गेले तेव्हा बाबांनी पाने, हातोड्या, जॅक नेहमीसारखे मांडले होते, आणि फळीच्या एका बाजूला दोन उघडे एअर मीटर आणि एक सोडलेला टर्बो. हातात हळदकुंकवाची कुयरी घेऊन मी थबकले. बाबांनी पिशवीतून ते खाकी कापड काढलं. धुऊन, घडी करून आणलं होतं. त्यांनी ते झटकलं आणि त्या उघड्या वस्तूंवर घातलं, चारही कडा नीट खाली दुमडल्या, कुठे फट नाही ना ते वाकून बघितलं.

"आता लाव," ते म्हणाले. "भरपूर लाव."